लेखन स्वस्त, पडताळणी महाग

ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. एका कंपनीच्या उत्पन्नात मोठी भर घालताना त्या आदेशात काही न्यायनिर्णयांचा आधार दिलेला होता. शोध घेतल्यावर असे आढळले की, हे निर्णय कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेलेच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्रणेने पुढे केलेल्या निष्कर्षांवर आंधळेपणाने विसंबू नये, वापरण्यापूर्वी ते नीट पडताळून घ्यावेत, अशी समज न्यायालयाने या प्रकरणात दिली.

त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात एका बड्या आंतरराष्ट्रीय सल्लागार संस्थेने सरकारकडून घेतलेल्या मोबदल्याचा काही भाग परत करण्याचे मान्य केले. सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन तयार करून घेतलेल्या तिच्या अहवालात अस्तित्वात नसलेल्या लेखनाचे हवाले होते आणि न्यायालयाच्या तोंडी घातलेले एक बनावट अवतरणही होते. त्याआधी, जून २०२३मध्ये, न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या पेढीला मिळून ५ हजार डॉलरचा दंड केला होता. त्यांनी दाखला म्हणून दिलेले सहा खटले ‘चॅटजीपीटी’ या यंत्राने रचलेले होते.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. कागद दिसायला निर्दोष होते. भाषा शुद्ध, मांडणी नेटकी, दाखल्यांची पद्धत अगदी नियमानुसार. चूक उघडकीस आली ती कोणीतरी मूळ कागद शोधायला गेला म्हणून. न्यूयॉर्कमध्ये विरुद्ध बाजूच्या वकिलांना ते खटले कोठेच सापडेनात. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातील एका अभ्यासकाला ते ग्रंथ आपल्या क्षेत्रात कोणी लिहिलेलेच नाहीत हे ठाऊक होते. म्हणजे लिहिणाऱ्याने जे श्रम करावयाचे, ते त्याने केले नाहीत आणि वाचणाऱ्याला ते करावे लागले. निर्मितिक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘जनरेटिव्ह एआय’ म्हणतात त्यासंबंधी, जी चर्चा चालते तीत नोकऱ्या जाण्याची भीती आणि प्रगतीचा जयघोष या दोहोंचाच आवाज मोठा असतो. श्रमांची ही अदलाबदल मात्र सहसा नजरेआड राहते. वस्तुतः सामान्य माणसाच्या दृष्टीने आणि विद्यापीठांच्या दृष्टीनेही खरा प्रश्न तोच आहे.

यंत्र नेमके काय करते?

‘पुणे हे विद्येचे’ एवढे शब्द वाचले की मराठी वाचकाच्या मनात ‘माहेरघर’ हा शब्द आपोआप येतो. त्यासाठी विचार करावा लागत नाही; आजवर शेकडो वेळा हे शब्द असेच एकापाठोपाठ वाचलेले असतात. या यंत्रांचे मूळ काम याच जातीचे आहे. गूगलमधील संशोधकांनी २०१७ साली ‘ट्रान्स्फॉर्मर’ या नावाची जी रचना मांडली, तिच्या आधारे अवाढव्य प्रमाणावरील मजकूर यंत्रापुढे ठेवण्यात आला आणि कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे त्याला शिकविण्यात आले. पुढे माणसांनी चांगली-वाईट उत्तरे निवडून दाखविली व यंत्राला संभाषणाचे वळण लावले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि आतापर्यंत प्रयोगशाळेत असलेली ही विद्या घरोघर पोचली.

‘माहेरघर’ हा शब्द बरोबर सुचला, म्हणून पुणे आजही विद्येचे माहेरघर आहे किंवा नाही, हे त्यावरून ठरत नाही. तो निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शब्दांच्या सवयीत नाही. यंत्राची मर्यादा येथे आहे. लेखकाचे नाव, निबंधाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, वर्ष आणि पृष्ठे ही संदर्भाची चौकट म्हणजेसुद्धा शब्दांची एक सवयच होय. यंत्र ती चौकट सफाईने भरते. भरलेली नावे खरी असतातही. पण ती खरी असली तरी आणि नसली तरी चौकट तितकीच सुबक दिसते. ‘यंत्र खोटे बोलते’ हा आरोप म्हणून नेमका नव्हे. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते माहीत असावे लागते. अलीकडची यंत्रे उत्तर देण्यापूर्वी महाजालावर शोध घेतात, सापडलेली पाने दाखवितात, त्यामुळे चुका काही अंशी घटतात हे मान्य केले पाहिजे. पण दाखविलेल्या पानावर खरोखर तेच लिहिले आहे काय, हे पाहण्याचे काम तरीही कोणाला तरी करावेच लागते.

लाभ खरा आहे

या यंत्रांची केवळ निंदा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. तहसील कचेरीबाहेर टंकलेखन यंत्र घेऊन बसणाऱ्याकडून पैसे मोजून अर्ज लिहवून घेणारा माणूस आज तोच अर्ज घरबसल्या तयार करतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला परदेशी विद्यापीठाला इंग्रजीत पत्र लिहिताना जी धास्ती वाटे, ती बरीच कमी झाली आहे. विमा कंपनीच्या पत्रातील किचकट अटी सोप्या मराठीत समजून घेता येतात. शासनानेही याची दखल घेतली आहे. भारतीय भाषांतील भाषांतरासाठी केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्राने २०२५ साली शेतीसाठी स्वतंत्र कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण मंजूर केले.

नोकरीच्या ठिकाणी होणारा लाभही मोजला गेला आहे. अमेरिकेतील तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली ५ हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्राच्या साहाय्याने एका तासात निकालात निघणाऱ्या तक्रारी सरासरीने १४ टक्क्यांनी वाढल्या. नवशिक्या कर्मचाऱ्यांत ही वाढ ३४ टक्के होती. मुरलेल्या कर्मचाऱ्यांत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. याचे कारण मोठे उद्बोधक आहे. यंत्र जे शिकले होते ते मुरलेल्या कर्मचाऱ्यांच्या संभाषणांवरूनच. त्यांचे कसब यंत्राने उचलले आणि नवशिक्यांना वाटले. संस्थेचा त्यात फायदा झाला, नवशिक्यांचाही झाला; ज्यांच्या अनुभवावर हे सारे उभे राहिले, त्यांना त्याचे मोल वेगळे मिळाले नाही. उत्पादकता वाढली म्हणजे वाटणीचा प्रश्न सुटला असे होत नाही, हा अर्थशास्त्रातील जुना धडा येथेही लागू पडतो.

किंमत कोण देतो?

एखाद्या वस्तूचा उत्पादनखर्च एकाएकी शून्याच्या आसपास आला, तर बाजारात काय होते? त्या वस्तूचा पूर येतो आणि तिला पूरक असलेल्या, पण अद्याप दुर्मीळ राहिलेल्या वस्तूचे मोल वाढते. आज लिहिण्याचा खर्च कोसळला आहे. लिहिलेले खरे की खोटे हे तपासण्याचा खर्च मात्र पूर्वी होता तेवढाच आहे. किंबहुना तपासावयाचा मजकूर अनेक पटींनी वाढल्यामुळे एकंदर भार वाढलाच आहे. न्यायनिर्णय ग्रंथालयात जाऊन पाहावा लागतो, शासननिर्णयाचा क्रमांक मूळ कागदाशी ताडावा लागतो, आकडा कोठून आला हे विचारावे लागते. या कामाला वेळ लागतो आणि जाणकार माणूस लागतो.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला. चांगली मोटार कोणती आणि बिघडलेली कोणती हे खरीदणाऱ्याला बाहेरून ओळखता येत नसेल, तर तो दोहोंना सरासरी किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मोटारीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो आणि बाजारात निकृष्ट मालच उरतो. या कार्यासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. लिखित मजकुराच्या बाजाराला आज हेच लागू पडू पाहत आहे. सुवाच्य, मुद्देसूद अर्ज हा पूर्वी अर्जदाराच्या मेहनतीचा काहीएक पुरावा असे. एका जागेसाठी आलेले शेकडो अर्ज एकाच सफाईने लिहिलेले असतील, तर नेमणूक करणारा त्या सफाईला किंमत देईनासा होतो. मग ज्याने खरोखर मेहनत घेतली त्याची मेहनत वाया जाते, आणि निवड पुन्हा ओळखीपाळखीवर किंवा संस्थेच्या नावावर होऊ लागते. ज्या होतकरू मुलाला यंत्राने मदत करावी अशी अपेक्षा होती, त्यालाच याचा फटका बसण्याचा संभव अधिक.

कचेऱ्यांतही असाच एक विचित्र व्यवहार सुरू झाला आहे. दोन ओळींत सांगता येण्याजोगी गोष्ट यंत्राकडून दोन पानांत फुलवून घ्यावयाची. आणि ज्याला ती दोन पाने मिळतात त्याने यंत्राकडूनच तिच्या पुन्हा दोन ओळी करून घ्यावयाच्या. कागद वाढला, काम झाल्याचा देखावा झाला. ज्ञानात भर पडली नाही. या प्रवासात मूळ दोन ओळींतील एखादा आकडा बदलला, तर जबाबदार कोण? सही करणारा कारकून. यंत्राला कारणे दाखवा नोटीस देता येत नाही. त्यामुळे वाचलेल्या वेळेचे काय होते हा प्रश्न कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने कळीचा आहे. यंत्रामुळे एक तास वाचला म्हणून लगेच एक तासाचे जादा काम दिले गेले, तर तपासणीला वेळ उरणार नाही आणि चुकीचा दोष मात्र त्याच माणसाच्या माथी येईल.

संशोधनातील महापूर

विद्यापीठांच्या क्षेत्रात हे दुखणे अधिक गंभीर आहे, कारण तेथे पडताळणी हाच व्यवसायाचा प्राण आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये एका आंतरराष्ट्रीय विज्ञान नियतकालिकात यंत्राने काढलेले उंदराचे एक चित्र छापून आले. त्यातील अवयव निसर्गात कोठेही न आढळणारे आणि त्यांची नावे कोणत्याही भाषेत नसलेली होती. निबंध परीक्षकांच्या नजरेखालून गेला होता. तो वाचकांनी पाहिला, जगभर हसे झाले आणि काही दिवसांतच निबंध मागे घेण्यात आला. ही चूक डोळ्यांना दिसण्याजोगी होती. कोष्टकातील बनावट आकडा किंवा न लिहिला गेलेला संदर्भ असा डोळ्यांत भरत नाही.

अर्थात या रोगाचे खापर केवळ यंत्रावर फोडता येणार नाही. हिंदावी या प्रकाशनसंस्थेने २०२३ या एका वर्षात ८ हजारांहून अधिक शोधनिबंध मागे घेतले. त्यांतील बहुतेक निबंध चॅटजीपीटी येण्यापूर्वीचे होते; पैसे घेऊन निबंध तयार करून देणाऱ्या कारखान्यांची करामत त्यामागे होती. बाजार आधीच होता. यंत्राने त्याला वेग दिला. आणि हा बाजार का उभा राहिला, याचे उत्तर शैक्षणिक धोरणात शोधावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांतील एका शोधनिबंधाला १० गुण ठेवले गेले. निबंध किती हे मोजणे सोपे असते. निबंधात काय आहे हे पाहणे कठीण असते. सोपे ते मोजले गेले आणि मोजले गेले तेच पिकू लागले. दुसऱ्याच्या निबंधातील चूक शोधून ती सिद्ध करणाऱ्यासाठी अशा गुणतक्त्यांत रकाना नसतो. नियतकालिकांचे परीक्षक हे काम बहुधा विनामोबदला, रात्री उशिरा, आपली अध्यापनाची जबाबदारी सांभाळून करतात. ज्या कामाला दाम नाही आणि मानही नाही, ते काम पूर आला असताना कोण करणार?

नियमांचा रोख अजूनही जुन्या चोरीवर आहे. आयोगाच्या २०१८च्याच वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार दुसऱ्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई अशी व्यवस्था आहे. पण यंत्र उतरवून काढीत नाही, ते नवी वाक्ये जुळविते. साम्याची टक्केवारी कमी भरते आणि प्रबंध निर्धोक ठरतो. उसन्या शब्दांची चोरी पकडणारी चाळणी न घडलेल्या सर्वेक्षणाला अडवू शकत नाही. तरीही काही पावले योग्य दिशेने पडली आहेत. पीएच.डी.साठी प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती आयोगाने २०२२च्या नियमांतून काढून टाकली. ‘नेचर’ने जानेवारी २०२३मध्येच स्पष्ट केले की, यंत्राला निबंधाचा लेखक मानता येणार नाही, कारण लेखकाला जबाबदारी घ्यावी लागते आणि यंत्र ती घेऊ शकत नाही.

याच विद्येने विज्ञानाला दिलेले मोठे देणे या संदर्भात पाहण्याजोगे आहे. प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’ या प्रणालीसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ती गप्पा मारणारी प्रणाली नव्हे, पण तिची घडण त्याच कुळातील आहे. तिच्यावर जगाने विश्वास का ठेवला? १९९४पासून दर दोन वर्षांनी प्रथिनरचनेच्या भाकितांची एक जाहीर कसोटी घेतली जाते. प्रयोगाने निश्चित झालेल्या, पण प्रसिद्ध न केलेल्या रचनांशी प्रत्येकाचे भाकीत ताडून पाहिले जाते. २०२०च्या कसोटीत अल्फाफोल्डने सर्वांना मागे टाकले, तेव्हाच तिची थोरवी मान्य झाली. यंत्र कितीही हुशार असो, पडताळणीची व्यवस्था त्याच्या आधी पंचवीस वर्षे उभी होती. जेथे अशी व्यवस्था आहे तेथे यंत्र वरदान ठरते. जेथे ती नाही तेथे ते केवळ कागद वाढविते.

वर्गातील पेच

शिक्षकांपुढचा पेच याहून निराळा नाही. तुर्कस्तानातील माध्यमिक शाळांत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. गणिताच्या सरावात यंत्र वापरू दिलेल्या मुलांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पण यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ती मुले यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. ज्या गटाला उत्तर न देता केवळ इशारे देणारे यंत्र दिले होते, त्या गटात हे नुकसान बहुतांशी टळले. यंत्र असावे की नसावे हा प्रश्न नाही. यंत्र मुलाच्या वतीने विचार करते की मुलाला विचार करावयास लावते, हा प्रश्न आहे.

चोरी पकडण्यासाठी यंत्रालाच पहारेकरी नेमावे, हा उपाय तर अधिक धोक्याचा. चॅटजीपीटीच्या निर्मात्यांनी स्वतःच काढलेले ओळखयंत्र अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३मध्ये बंद केले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध अशा ओळखयंत्रांनी यंत्रलिखित ठरविल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात त्याच वर्षी दिसून आले. साधे शब्द, छोटी वाक्ये, मर्यादित शब्दसंग्रह हाच संशयाचा आधार ठरला. मराठी माध्यमातून येऊन कष्टाने इंग्रजी निबंध लिहिणारा विद्यार्थी या पहारेकऱ्यापुढे गुन्हेगार ठरण्याचा संभव किती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पुण्यातील एक उदाहरण

पडताळणी म्हणजे काय, याचा वस्तुपाठ मराठी माणसाला दूर शोधावा लागत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, व त्यांच्यानंतरच्या संपादकांनी, देशभरातील निरनिराळ्या लिप्यांतील १,२५९ हस्तलिखिते जमवून श्लोक श्लोकाशी ताडून पाहिला. पाठचिकित्सेचा दंडक असा की, एखादा पाठ किती पोथ्यांत आहे हे केवळ मोजून भागत नाही. त्या पोथ्यांचे मोल पारखावे लागते. गुळगुळीत आणि सोपा पाठ अनेकदा मागाहून कोणीतरी सुधारलेला असतो, अवघड पाठच जुना असतो. यंत्राची रीत याच्या बरोबर उलटी आहे. जे अधिक वेळा लिहिले गेले ते त्याला अधिक संभाव्य वाटते आणि जे गुळगुळीत ते त्याला अधिक प्रिय असते.

अर्थशास्त्रातही अशीच परंपरा आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी करविली, तीत पाहणी करणारे कार्यकर्ते घरोघर गेले. कुटुंबाचे उत्पन्न, खर्च, कर्ज, माणसे कोठून आली याची माहिती त्यांनी माणसांना विचारून लिहून घेतली. अलीकडे पाश्चात्त्य देशांतील काही संशोधकांनी माणसांऐवजी यंत्रालाच प्रश्नावली भरावयास देऊन पाहिले आहे. खर्च वाचतो, वेळ वाचतो. पण यंत्राला ठाऊक असते ते पूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेले. ऊसतोडणीला गेलेल्या कुटुंबाने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब किंवा मोलकरणीच्या घरातील महिनाअखेरीची ओढाताण जेथे कधी लिहिलीच गेली नाही, तेथे यंत्र सरासरी सुशिक्षित माणसाची कल्पना पुढे करील आणि ती आकडेवारीच्या वेषात येईल. धोरणे आकडेवारीवर ठरतात. ज्यांची नोंद नाही त्यांचा विचारही मग होत नाही.

उपाय कोणते?

बंदी हा उपाय नव्हे. ती अमलातही येणार नाही. पडताळणीचा खर्च कोणी उचलावा हे आधी ठरविले पाहिजे, आणि तो मजकूर तयार करणाऱ्याने उचलावा हे तत्त्व मान्य व्हावयास हवे. ज्याची सही त्याची जबाबदारी, हा नियम कचेरीत आहेच. तो प्रबंधालाही तितक्याच कडकपणे लागू व्हावा. यंत्राचा वापर कोठे व कशासाठी केला हे विद्यार्थ्याने सांगावे आणि प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा होऊ नये. प्रबंधाबरोबर क्षेत्रपाहणीच्या वह्या, भरलेल्या प्रश्नावल्या, मूळ आकडे मागविले जावेत. तोंडी परीक्षा हा बहुतेक ठिकाणी चहापाण्याचा उपचार झाला आहे. ती खरीखुरी परीक्षा झाली, तर निम्मे प्रश्न सुटतील. आपल्याच प्रबंधातील एखादा संदर्भ उलगडून सांगता न येणाऱ्याला पदवी मिळता कामा नये.

दुसरे म्हणजे, पडताळणीला मान आणि मोबदला दोन्ही मिळाले पाहिजेत. बढतीसाठी निबंधांची संख्या न मोजता निवडक चार-पाच निबंध बारकाईने वाचले जावेत. पदव्युत्तर वर्गात नवा निबंध लिहावयास सांगण्यापूर्वी छापलेल्या एका निबंधातील सर्व संदर्भ आणि आकडे तपासण्याचा स्वाध्याय द्यावा. त्यातून विद्यार्थ्याला जे शिक्षण मिळेल, ते दहा उसन्या निबंधांतून मिळणार नाही. कचेऱ्यांत यंत्र आणताना वाचणाऱ्या वेळेचा ठरावीक भाग तपासणीसाठी राखून ठेवावा आणि तशी लेखी तरतूद असावी.

तिसरी गोष्ट भाषेची. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. पण यंत्राला वाचावयास मिळणारा विश्वसनीय मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा. दप्तरखान्यांतील कागद, जुनी नियतकालिके, संशोधन मंडळांची प्रकाशने काळजीपूर्वक तपासून संगणकावर आणणे हे काम खाजगी कंपन्यांच्या मर्जीवर सोडण्याजोगे नाही. ते झाले नाही, तर मराठीतले प्रश्न विचारणाऱ्याला इंग्रजी अनुभवाचे भाषांतर उत्तर म्हणून मिळत राहील.

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहिले, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. आणि अर्थ समजल्याखेरीज एक अक्षरही लिहावयाचे नाही, ही व्यासांची. भांडारकर संस्थेच्या संपादकांनी पोथ्या ताडून पाहिल्या तेव्हा ही कथा मूळ ग्रंथातील नसून मागाहून आलेली असल्याचे दिसले, आणि त्यांनी ती परिशिष्टात ठेवली. कथा सर्वांना प्रिय होती, सर्वांना पाठ होती. तरी पुरावा नव्हता म्हणून ती मूळ संहितेबाहेर गेली. न थांबणारी लेखणी आज ज्याच्या-त्याच्या हाती आली आहे. अर्थ समजून घेण्याची आणि मूळ पोथी उघडून पाहण्याची अट पाळण्याचे काम मात्र अजून शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्याकडेच आहे. त्यासाठी त्यांना वेळ द्यावयाचा की नाही, हे समाजाने ठरवावयाचे आहे.